भिवा सखारामची पाळी

माझ्या डोक्यावर साहेबाची हागायची खुर्ची होती. लाकडाची, पेटीसारखी, वर झाकण, आत चिनी मातीचं भांडं. चालताना भांडं खडखड वाजायचं आणि पाटलाचा गडी मागून म्हणायचा, "संबाळ गं, फुटलं तर साहेब तुझ्या पदरात बसंल." मग सगळे हसायचे.

मोजणीचा साहेब मावळात जमिनी मोजत फिरत होता. त्याचा तंबू, त्याची खाट, त्याच्या साखळ्या, त्याच्या कोंबड्यांचं खुराडं, सगळं महारांच्या डोक्यावर. एका गावच्या महारांनी शिवेपर्यंत न्यायचं. शिवेवर पुढच्या गावच्या महारांनी उचलायचं. मजुरी नाही. वेठ. घरटी पाळी असायची, आणि त्या दिवशी आमच्या घरची होती. दर वेळी आई जायची. त्या दिवशी ती तापानं फणफणली होती, म्हणून मी. मी तेराची असेन. आमच्यात वय कोण लिहून ठेवतंय?

त्यातून मधल्या दोन गावांत पटकी लागलेली. तिथलं कुणी ओझं घ्यायला येईना. मग आम्हीच औंढ्याच्या अंगानं डोंगर ओलांडून, पार पवनमावळात उतरलो. मान मोडून आली होती. तिथल्या शिवेवर साहेबाचा कारकून चिंचेखाली बसला होता, मांडीवर वही, नाकाला रुमाल. पुण्याकडचा असावा. मला बघितल्यावर म्हणाला, "तिथंच थांब. सावली पडतेय तुझी."

मी दोन पावलं मागं सरले. ओझं डोक्यावरच.

"कुणाची पाळी?"

"भिवा सखारामची, जी."

"भिवा कुठाय मग?"

"कामाला गेलाय, जी."

पाच वर्षं झाली होती बाप कामाला गेला त्याला. ते कशाला सांगू?

समोरच्या गावची माणसं ओझी घ्यायला उभी होती. त्यांच्यात एक पोरगा. काळा, काटकुळा, माझ्याहून वरीसभर लहान. कारकून त्याच्याकडं वळला. "तुझी पाळी कुणाच्या नावाची?"

"भिवा सखारामच्या, जी."

कारकुनाची पेन्सिल थांबली. त्यानं एकदा मला बघितलं, एकदा त्याला. मग असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "वा रे वा! बाप एक, गावं दोन! द्या रे, ती खुर्ची द्या एकमेकांना. वडिलांची इस्टेट आहे, वाटून घ्या!"

शिपाई हसले. पाटलाचा गडी हसला. कारकून हसतोय म्हणून आमची माणसंही हसली, तोंडं वळवून. हसला नाही फक्त राणू आबा. आमच्या महारवाड्यातला म्हातारा. तो जमिनीकडं बघत राहिला.

भिवा म्हणजे काय, मावळात ढिगानं. सखारामही ढिगानं. मी मनाला तेच सांगत होते. पण खुर्ची एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर द्यायची तर तोंडं जवळ येतात. त्याचे कान बघितले. पुढं आलेले. आमच्याकडं त्या कानांवरून मला सुपली म्हणायचे.

मी हळूच विचारलं, "तुजा बाप भाकर कशी खायचा?"

का विचारलं, देव जाणे. पोरगा गांगरला. म्हणाला, "मधनं. कड मला द्यायचा."

खरं सांगते, बापानं दुसरं घर केलं याचं मला तेव्हा एवढं वाटलं नाही. गावात दोन बायकांचे दादले थोडे का होते? पण भाकरीची कड माझी होती. बाप जेवायला बसला की मी मांडीला टेकून बसायची, तो मधला मऊ भाग खायचा आणि कुरकुरीत कड मला. ती कड तिकडंही कुणाला तरी देत होता मेला!

कारकून साहेबाच्या घोड्यामागं पुढं गेला, तेवढ्यात मी आबाला धरलं. "आबा, तुला ठावं व्हतं."

"व्हय," म्हणाला. "ह्याची आई एकुलती. भिवा तितं घरजावई म्हणून ऱ्हायचा, मग सासऱ्याची पाळी बी त्याच्याच गळ्यात. चार म्हैनं हितं, चार म्हैनं तितं. तुज्या आईला धरणाच्या कामाला जातो म्हणून सांगायचा."

"आन सांगितलं का न्हाईस?"

"सांगून तुज्या आईचं वझं हलकं झालं असतं का, पोरी?"

पोरगा खुर्ची डोक्यावर घेऊन तसाच उभा होता. त्याचं नाव म्हादू. त्याच्याकडंही पाच वर्षं बाप फिरकला नव्हता. त्याची आईही पाळीला जायची, आता ती थकली म्हणून हा जायला लागला. आबानं मग उरलेलं सांगितलं. भिवा लोणावळ्यात आहे म्हणे. इंजिनाच्या शेडात राख काढतो.

मी म्हादूला म्हटलं, "बाजाराच्या दिशी लोणावळ्याला येशील?"

"यीन. पर तू त्येला काय म्हणणार?"

"परत चल म्हणणार. दुसरं काय?"

तेवढंच पाहिजे होतं मला. बाप परत यावा आणि आईच्या डोक्यावरचं ओझं उतरावं. पाच वर्षांत आईची मान आखडली होती, खाली बघून चूल फुंकता यायची नाही. पण तिनं पाळी चुकवली असं कधी कुणी ऐकलं नाही. मी कुरकुर केली की म्हणायची, "पाळी चुकली तर वहीतनं नाव काटत्याल. नाव काटलं तर तुजा बा येईल तवा गावात कुटं हुबा ऱ्हाईल?" वतन म्हणायची ती त्याला. वतन! नवऱ्याची जागा राखून ठेवावी तशी ती वेठ राखून होती.

लोणावळ्याला मी चालत गेले. म्हादू आधीच येऊन स्टेशनाबाहेर बसला होता. घाटात तेव्हा विजेची गाडी नव्हती, कोळशाची इंजिनं. घाट चढून आलेलं इंजिन शेडात उभं राहायचं आणि गडी त्याच्या खालून धगधगती राख ओढायचे. तिच्यावर पाणी मारलं की वाफेनं माणूस दिसेनासा व्हायचा. त्या वाफेतून आमचा बाप बाहेर आला. खाकी अर्धी चड्डी, भुवया जळलेल्या. आम्हा दोघांना एका जागी बघितलं आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी मेलो म्हणून सांगा घरी," म्हणाला.

मी म्हटलं, "मेलास तरी पाळी सुटत न्हाई बा."

त्यानं हात काढले. "म्हंजी? पाळी हाय अजून?"

"तर! कुटं जाणार ती?"

"कोण जातंय?"

"आई."

म्हादू म्हणाला, "माजी बी."

बापाला खरंच ठाऊक नव्हतं. "मला वाटलं, मानूस गेलं की नाव काटत्यात," म्हणाला. "दोन गावची वेठ माज्या एकल्याच्या मानंवर. इकडनं सुटलो की तिकडं. म्हटलं मीच न्हाईसा झालो तर नाव जाईल, नावाबरूबर वेठ जाईल. तुमी तरी सुटाल."

"मग सांगून का गेला न्हाईस?"

"काय सांगू? पळतोय म्हणून?"

मला त्याची कीव आली आणि त्याला राखेत लोटावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच. हा इकडं समजतोय नाव गेलं, आम्ही सुटलो. आणि तिकडं दोन गावांत दोन बाया याचं नाव जाऊ नये म्हणून साहेबाची हागणदारी डोक्यावर वाहतायत! ज्याच्यापासून हा पळाला तेच त्यांनी याचा मान म्हणून जपलं. हसावं की रडावं? आणि गावाला काय, कुणीही चालतं. भिवा नसला तर भिवाची बायको, बायको तापली तर पोरगी. गावानं त्याला कधी शोधलाच नाही.

दुपारी त्यानं फडकं सोडलं. भाकरीचा मधला भाग काढून ठेवला आणि कड मोडून दोघांपुढं धरली. म्हादूनं घेतली. मी घेतली नाही. भूक होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तरी नाही.

"हितंच ऱ्हावा," बाप म्हणाला. "म्हादूला मुकादमाला सांगून लावतो. तुला बंगल्यावर काम मिळंल. हितं कुणी सावली मोजत न्हाई."

म्हादूचे डोळे चमकले. शेडातली पोरं पायात बूट घालत होती, ते तो केव्हाचा बघत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "तू ऱ्हा की. पर तुज्या आईच्या डोक्यावरचं कोण उतरवणार?"

त्यानं कडेचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. मग उठला. "चल आक्का," म्हणाला. आक्का म्हणून मला पहिल्यांदा कुणी हाक मारली ती तेव्हा.

बापाला मी परत चल म्हटलं नाही. तो आला असता तर पाळीला तो गेला असता, एवढाच फरक. आई सुटली असती आणि बाप जुंपला गेला असता. वाटेत सगळं डोक्यात लख्ख झालं. आम्ही चुकीच्या माणसाला शोधत होतो. वेठ बापानं लावली नव्हती. ज्यांनी लावली ते कुठं हरवले होते? ते चावडीवर तक्क्याला टेकून बसले होते.

घरी आईला सगळं सांगितलं. सवतीचं सांगितलं तेव्हा ती नुसतं "हूं" म्हणाली. पण नाव काटायचं म्हटल्यावर अंगावर धावली. "कारटे! त्येचं नाव काटलं तर मी कुंकू कुणाच्या नावानं लावू?"

"तुजं कुंकू पाटलाच्या वहीत हाय का आये? बा जित्ता हाय. म्या बघितलाय. तो तितं मोकळा फिरतोय आन त्येचं नाव तू डोक्यावर घिऊन फिरतीस."

तिनं मला मारलं. चांगलं दोन-चार वेळा. मग माझ्याच गळ्यात पडून रडली. जाऊ नको म्हणाली. मी गेले.

चावडीवर पाटील होता, गावातले चार-पाच जण होते. मी पायरीखाली उभी राहिले आणि जोहार घातला नाही.

"काय गं, तोंड शिवलंय का?" पाटील म्हणाला.

"न्हाई पाटील. उघडायलाच आलीया. भिवा सखारामच्या घरची पाळी आजपासनं बंद. नाव काटा."

पाटील हसला. "बापाला घिऊन ये जा. मग बोल."

"बाप गेला तवा तुमी त्येला हुडकला न्हाई. माज्या आईला धरलं. आता मला इचारा."

"खळ्यावर एक दाणा मिळायचा न्हाई."

"नगं."

एकानं पायताण काढून फेकलं. कानशिलावर बसलं. डोळ्यापुढं अंधार आला, पण मी बसले नाही. पायताण माझ्या पायाशी पडलं होतं. तो म्हणाला, "उचलून आण इकडं." रोजच्या सवयीनं माझी कंबर वाकायला निघाली होती. खोटं कशाला बोलू? वाकायला निघाली होती. मी ती तशीच ताठ धरली. "ज्येचं त्येनं उचलावं," म्हटलं आणि पाठ फिरवली. पाटलाला पाठ दाखवायची नसते, उलट्या पावली जायचं असतं. मी सरळ चालत आले.

पुढं व्हायचं ते झालं. खळ्यावरचं बलुतं बंद. वाण्यानं मीठ द्यायचं बंद केलं. आमचीच माणसं तोंड फिरवायला लागली, कारण आमचं घर वजा झालं तशी त्यांची पाळी लवकर यायला लागली. आमच्या दाराशी येऊन शिव्या देऊन गेल्या बाया. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हादूनं त्याच्या गावी नाव काटा म्हटलं तेव्हा तिथल्यांनी त्याचा हात मोडला. तो गळ्यात हात बांधून आला आणि म्हणाला, "आक्का, आता तर वझं उचलताच यायचं न्हाई." आम्ही दोघं पोट धरून हसलो. आई आणि त्याची आई मधल्या डोंगरावर भेटून गवत कापायच्या आणि लोणावळ्याला विकायच्या. सुरुवातीला दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण भारा एकमेकींच्या डोक्यावर चढवून द्यायच्या. महिन्याभरानं राणू आबा चावडीवर गेला आणि म्हणाला, माजं बी नाव काटा.

मग एका सकाळी पाटलाचा गडी दारात आला. कुणी बडा साहेब येणार होता. अंगणात काठी आपटून तो ओरडला, "ए भिवाच्या घरचं! चला, पाळी तुमची."

मी उठणार तोवर चुलीपुढची आई उठली. मला वाटलं, ही आता पदर खोचून निघती. ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. आखडलेली मान जेवढी वर होईल तेवढी वर केली.

"हितं भिवा न्हाई," ती म्हणाली. "हितं आमी ऱ्हातो. आन आमी येत न्हाई."

गड्यानं काठी उचलली. मग, "बघून घितो," म्हणून गेला. तो परत येणार, चार माणसं घेऊन येणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

येऊ दे. कितीदा बी येऊ दे.