जपानी पद्धतीचं एकमत

झाशीच्या रेल्वे वर्कशॉपनं बाबांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं आणि ते परतल्यापासून आमच्या घरातून 'मी' हा शब्द हद्दपार झाला. तिकडे म्हणे कोणी एकटं काही ठरवतच नाही. सगळे बसतात, सर्वांत धाकटा आधी बोलतो, मोठा साहेब शेवटी, आणि एकमत होतं. मग नगरा वस्तीतल्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्येही दर रविवारी बैठक भरू लागली. आधी मी बोलायची, मग आई, मग आत्या. तिघीही बाबांच्या भुवयांकडे बघत बोलायचो. एकमत व्हायला कितीसा वेळ लागणार! भाजीपासून पडद्याच्या रंगापर्यंत सगळं आम्ही मिळून ठरवलं, म्हणजे बाबांनी ठरवलं.

घोडं अडलं माझ्या नोकरीपाशी. बसनं तासाभरावर असलेल्या चिरगावच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली होती आणि तिथेच खोली घेऊन राहायचं होतं. बाबा म्हणाले, "आपल्यातल्या मुली अशा एकट्या राहत नाहीत." आपल्यातल्या म्हणजे झाशीतली मूठभर मराठी घरं. एरवी जुनी शहरवाली घराणी आम्हा रेल्वेवाल्यांना आपल्यात धरायची नाहीत. मुलीला अडवायचं म्हटलं की मात्र सगळे एक.

त्याच सुमाराला वर्कशॉपमध्ये एक जपानी इंजिनियर आले. मला शहाणपण शिकवायला बाबांनी त्यांना जेवायला बोलावलं. आत्या "और लीजिए भैया" करत त्यांच्या पानात श्रीखंड वाढत होती. बाबांनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे मुलं घराबाहेर जात नाहीत ना?"

पाहुणे मोडक्या इंग्रजीत सावकाश बोलले. त्यांच्या घरीही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, वडिलांचं दुकान यांनीच चालवायचं. यांनीही मान डोलावली होती. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं घर सोडलं. वडील मरेपर्यंत यांच्याशी बोलले नाहीत. "वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण पुन्हा तसंच करीन."

आई आणि आत्याला इंग्रजी येत नव्हतं. आत्यानं विचारलं, "काय म्हणाले रे?"

"सगळ्यांनी मिळून ठरवावं म्हणतायत," बाबा म्हणाले आणि पुरी मोडू लागले.

मी बाबांकडे बघतच राहिले. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

रविवारी बैठक बसली. मी कोणाच्याही भुवयांकडे न बघता म्हणाले, "मी उद्या चिरगावला जातेय." आईनं शेंगा सोलायला घेतल्या. आत्या बाबांकडे बघत राहिली; तिथे काहीच दिसेना, म्हणून तीही शेंगा सोलू लागली. सोमवारी सकाळी मी ट्रंक घेऊन बसमध्ये बसले. घरातलं कोणी सोडायला आलं नाही.

दिवाळीला घरी आले, तर शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "तुझे बाबा सांगत होते हो, मुलीला चिरगावला पाठवायचं तुम्ही सगळ्यांनी एकमतानं ठरवलंत!"