“सरक वं पोरी जराशी!”

“सरक वं पोरी जराशी!” म्हणत मिसबाई माझ्या शेजारी सतरंजीवर बसायच्या, तेव्हा त्यांचे गुडघे असे वाजायचे की प्रार्थनेत डोळे मिटलेल्या बायाही हसायच्या. तुम्ही तिथं असता, तर तुम्हीही हसला असता.

अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये पुढं गोऱ्यांसाठी चार खुर्च्या, मागं आम्हा देशी ख्रिस्ती लोकांसाठी सतरंज्या. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण चुकत कोणी नव्हतं. चुकल्या त्या मिसबाईच. विलायतेहून मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या आणि मराठी शिकल्या ती तिथल्या बायांकडून. पुण्याकडचे आमचे पाळकसाहेब त्यांचं बोलणं ऐकून कपाळाला हात लावायचे.

मी तेव्हा सोळा वर्षांची आणि अकलेनं त्याहून लहान. गोरं दिसायला पावडर अशी थापायची, की आई म्हणे, “पिठाच्या डब्यात पडली का वं?” मला हौस खुर्चीची, मिसबाईंना सतरंजीची! गीत म्हणायला उभं राहताना त्या माझा खांदा धरायच्या. “मुंग्या आल्या वं माय, उठव मले.” त्या खांद्याचा मला कोण तोरा!

मग मिशनच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बजावलं, खुर्चीतच बसायचं. त्या रविवारी मिसबाई मुकाट्यानं पुढं बसल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी. मी रडायच्या बेतात. इतक्यात त्यांनी बाजूची खुर्ची थोपटली आणि भर उपासनेत हाक मारली, “इकडे ये वं!”

गेले. पावडर, नवं लुगडं, सगळा थाट. आणि सवयीनं खुर्चीवर चक्क मांडी घालून बसले! मागं खसखस पिकली. साहेबांच्या मडमेनं तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, आता पळावं.

मिसबाईंनी शांतपणे बूट काढले, पाय वर घेतले आणि माझ्यासारखीच मांडी ठोकली. “असंच बरं वाटते,” म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत त्यांची अकोल्याला बदली झाली. अकोला ते काय दूर? पण मला एकटीला आगगाडीत कोण बसवणार! “येतो वं मी,” म्हणाल्या होत्या. तिथूनच परस्पर विलायतेला गेल्या. निरोप पाळकसाहेबांनी सांगितला, शुद्ध मराठीत.

आता चर्चमध्ये सगळ्यांना बाकं आहेत. परवा नात कुजबुजली, “आजी, पाय खाली घे ना, लोक पाहून राहिले.”

“पाहू दे,” म्हटलं. आणि शेजारी कोणी नव्हतं, तरी जराशी सरकले.