मयत, वय वर्षे दोन

ग्रामसेवक बब्रुवान यांनी रजिस्टर फिरवून पुढं सरकवलं, तेव्हा शिवप्रियाला वाटलं सही करायची असेल. तिनं पर्समधून पेन काढलं.

"सही राहू द्या, ताई. आधी वाचा."

जन्माची नोंद बरोबर होती. शिवप्रिया महालिंगप्पा, आई चन्नम्मा, सालही तेच. मग त्यांनी दुसरं रजिस्टर उघडलं. तीस सप्टेंबर त्र्याण्णव. एकच तारीख, पानामागून पान, ओळीनं नावं. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. शिवप्रिया महालिंगप्पा. मयत. वय वर्षे दोन.

"मी इथं नवा आहे," बब्रुवान ओशाळून म्हणाले. "जन्माचा दाखला मागताय, पण नियमानं बघितलं तर तुमचा मृत्यूचाच दाखला तयार आहे."

शिवप्रिया हसली. आपल्याला एक बहीण होती नि आईनं काही सांगितलं नाही, असं तर नाही? पण बहिणीचं नाव तेच कसं असेल? दाराशी शेजारच्या द्वारकाबाई कशाच्या तरी कागदासाठी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शिवप्रियानं त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांनी पदर ओठावर घेतला.

"मायला इचार, बाई," म्हणाल्या आणि काम तसंच टाकून चालत्या झाल्या.

शिवप्रियाचं गाव सास्तूरपासून दोन कोसांवर, भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. ती शाळेत हुशार निघाली, पुण्यात जाऊन जपानी भाषा शिकली, चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी झाली. तिथं मशीन बसवायला हारुओ आला. तो बोलायचा, ती मराठीत सांगायची. दोन वर्षांत दोघांच्या मधल्या मशीनी संपल्या आणि बोलणं उरलं. पुण्यात नोंदणी लग्न झालं. चन्नम्मानं जावयाच्या कपाळावर विभूती ओढली, त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला, वऱ्हाड हसलं. हारुओ पुढं जपानला गेला. त्याच्या देशात बायको म्हणून राहायचं तर तिकडच्या कचेरीला जन्माचा दाखला हवा होता. एवढ्यासाठी ती गावी आली होती.

घरी चन्नम्मा करडई पाखडत बसली होती. लेकीनं रजिस्टरातली ओळ सांगितली. तिनं सूप खाली ठेवलं, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

भर बाराचं ऊन होतं. जुन्या गावात तीस वर्षांत कुणी राहिलं नव्हतं. सगळीकडं वेड्या बाभळी माजलेल्या, मधेमधे दगडांचे ढीग, एखादा उंबरा. पाखराचा आवाज नव्हता. शिवप्रिया सरळ चालायला लागली, पण चन्नम्मा सरळ चालली नाही. ती मोकळ्या रानातून वळत गेली, एका बाभळीशी डावीकडं, पुढं उजवीकडं, जणू दोन्ही बाजूंना भिंती होत्या. एका जागी तिनं मान लववली आणि मग पाऊल टाकलं. तिथं चौकट नव्हती. काहीच नव्हतं.

"आत ये," ती म्हणाली.

शिवप्रियानंही मान लववली.

"त्या रातीला आमी दोगं शेतावर वस्तीला व्हतो. शिवप्रिया आजीपाशी व्हती. दुसऱ्या दिशी दोगी सापडल्या, आजीच्या कुशीत ती. म्या सोता तिचं तोंड पुसलं. पुरायला सवड न्हवती, सोता चितेवर ठिवलं."

"मग मी कोण, अव्वा?"

"तिला ठिवून आल्यावर बी म्या हाका मारतच व्हते. डोस्कं जाग्यावर न्हवतं. तुजे अप्पा धरून वढायचे, म्या सुटून पळायची. तिसऱ्या दिशी या आळीत आले. शिवप्रिया, म्हनून हाक मारली." चन्नम्मानं पुढं बोट दाखवलं. "आन तितून खालून ओ आली."

तिथं जमिनीत एक गोल भोक होतं. जोंधळा साठवायचं जुनं पेव, पाचोळ्यानं अर्धं भरलेलं.

"वरच्या घरात इहीर खांदायला आल्यालं बिऱ्हाड उतरलं व्हतं. कुटल्या गावचं, कुनाला ठावं न्हाय. त्यांच्यातलं कुनी राहिलं न्हाय. तुला इचारायला कुनी आलं न्हाय. मेल्याल्या पोरीला हाक मारली आन जित्या पोरीनं ओ दिली. म्या काय करायला पायजे व्हतं, तूच सांग."

शिवप्रिया पेवाच्या काठाशी वाकली. एवढ्या उन्हात आतून गार हवा वर येत होती, आणि त्या हवेला ओलसर जोंधळ्याचा वास होता. तीस वर्षांत त्यात कुणी दाणा टाकला नव्हता.

"गावाला माहीत होतं?"

"समद्यास्नी. घराघरातलं मानूस गेल्यालं. एक पोर परत आलं तर कोन कशाला न्हाय म्हनंल?"

बब्रुवान यांनी मार्ग सांगितला. मृत्यूची नोंद चुकून झाली असा अर्ज करायचा, पाच म्हाताऱ्यांनी सह्या करायच्या, वर पाठवायचं. नोंद रद्द होईल, दाखला मिळेल. म्हातारे तयार होते. पण अर्ज लिहायच्या दिवशी चन्नम्मा कचेरीत आली आणि तिनं त्या पानावर तळहात ठेवला.

"ही वळ खोडायची न्हाय. जल्माची वळ तू घेतलीस, तर ती व्हती याचा जगात येवढाच कागद हाय."

"अव्वा, मग मला जाता येणार नाही."

"जा की. पर तिला मिटवून जाऊ नगंस."

शिवप्रियानं हारुओला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "मी तुला कुठल्या नावानं हाक मारू?"

आठवड्यानं तिनं वकिलाकडून खरं तेच प्रतिज्ञापत्र करून घेतलं: आईवडील अज्ञात, जन्माची नोंद उपलब्ध नाही, भूकंपात हाक मारल्यावर ओ दिली म्हणून सापडली, नाव पाळणाऱ्या आईनं दिलं. जपानी भाषांतर तिचं तिनंच केलं. हाक मारली, ओ दिली, या वाक्याशी ती अडली. ओ कुणी दिली? जपानीत कर्ता गाळता येतो. तिनं गाळला.

सात महिने लागले. दोनदा पत्रं आली, आणखी कागद मागितले. मग व्हिसा आला.

हारुओचं घर समुद्राकाठच्या लहान गावात होतं, लाकडी, आईसोबतचं. हाक मारायला शिवप्रिया हेच नाव ठरलं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती सासूबाईंशेजारी उभी राहून मुळा चिरत होती आणि जमीन हलली. सासूबाईंनी गॅस बंद केला, एका हातानं कपाट धरलं, दुसऱ्या हातानं सुनेला टेबलाखाली दाबलं. अर्धं मिनिटसुद्धा नसेल. टेबलाखाली अंधार होता आणि त्यात ओल्या जोंधळ्याचा वास होता. वरून एक पुरुषाचा आवाज आला, हसरा, थोडा घोगरा. "कस्तुरा! अगं ए कस्तुरा!"

"ओ," शिवप्रिया मोठ्यानं म्हणाली.

हलणं थांबलं. सासूबाईंनी खाली वाकून बघितलं. "कुणाशी बोललीस?" त्यांनी विचारलं. घरात दोघींशिवाय कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं गावी फोन लावला.

"अव्वा, कस्तुरा कोण?"

पलीकडं चन्नम्मानं अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या.

"तुला पेवातनं वर काडलं," चन्नम्मा म्हणाली, "तवा तू छातीवर हात ठिवून त्येच सांगत व्हतीस. कस्तुरा, कस्तुरा. सांजंपतूर सांगितलंस. म्या शिवप्रियाच म्हनत राह्यले."

"आणि मग?"

"दुसऱ्या दिशी तू सांगायची थांबलीस."

शिवप्रियानं आईला दोष दिला नाही. तिनं बब्रुवान यांना निरोप पाठवला, त्याच रजिस्टरात विहीर खोदणाऱ्या बिऱ्हाडाचं काही सापडतं का बघा; निदान गाव, निदान एखादं नाव. त्यांनी दोन दिवसांनी पानाचा फोटो पाठवला. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होतं.

विहीर खोदणारे, परगावचे. नावे माहीत नाहीत. एकूण पाच, पैकी एक लहान मुलगी. सर्व मयत.