सुमतीताईंच्या उंचीचा ओटा

प्रतापनगरच्या सुमतीताईंचा ग्रॅनाइटचा ओटा आधीच्या मिस्त्रीने चार बोटं उंच बसवला होता. पोळ्या लाटताना त्यांचे खांदे भरून यायचे. दोन वर्षं सोसून त्यांनी चंपतराव मिस्त्रींना बोलावलं.

चंपतरावांनी आधी टेप काढला नाही. त्यांनी विटांवर फळी ठेवली, ताईंना पोळपाट घेऊन लाटायला लावलं आणि त्यांचे खांदे सैल होईपर्यंत फळीखाली फरशीचे तुकडे घातले, काढले. तीस वर्षं ते असंच माप घेतात.

"आधी कोणाचं माप घेतलं व्हतं?"

"माझं," ताईंचे यजमान वसंतराव म्हणाले. "तेव्हा घरी मीच होतो."

"मंग पोळ्याही तुमीच लाटाले पायजे व्हत्या, भाऊ."

ओटा खाली घ्यायला वरचा ग्रॅनाइट काढावा लागणार होता; आता भीती त्या दगडाची होती. आठ फुटी अखंड दगड तडकला, तर तसा दुसरा मिळणार नव्हता. चंपतरावांनी दिवसभर कटरच्या पात्याने खालचं सिमेंट कापलं. संध्याकाळी चौघांनी दगड उचलला. तो शाबूत निघाला.

चौथ्या दिवशी ताईंनी खाली बसवलेल्या ओट्यावर पोळ्या लाटल्या. एकदाही खांदा चोळला नाही. मग चंपतरावांसाठी चहा ठेवायला वसंतराव वाकले आणि कुरकुरले.

"वाका जरा," ताई म्हणाल्या, "आणि साखर बेतानं घाला."