जड कार्बनची साक्ष
दिल्लीतल्या आमच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन तयार झाला, तेव्हा मी लक्ष्मीबाई नगरात घरी फोन करून सांगूनही टाकलं. त्यावरचा संशोधनाचा पेपर लिहून तयार होता. बाई, म्हणजे माझ्या गाईड, निवृत्तीला आल्या होत्या. त्यांचा हा शेवटचा पेपर. तरी त्या म्हणाल्या, "हा कार्बन मूळचा कुठला, ते तपासलंस का?" मला रागच आला. दिल्लीत हा प्रश्न माणसांना विचारतात.

बाईंनी जड कार्बनचा, म्हणजे नेहमीपेक्षा जड अणू असलेल्या, ओळखता येणाऱ्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड मागवला. मिथेन त्यापासून बनत असेल, तर तोही जड निघायला हवा. निघाला जवळजवळ सगळा साधाच. ही अभिक्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक बनवताना मी सायट्रिक ॲसिड घातलं होतं आणि घाईत तो पुरता भाजला नव्हता. त्यात उरलेला कार्बनच मिथेन होऊन बाहेर पडत होता.

बाईंनी पेपर कपाटात ठेवला. मिथेन साधाच निघाल्याचं दाखवणारा आलेख मात्र प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवला आणि खाली लिहिलं, "माझी चूक. आधी तपासायला हवं होतं." त्याखाली सही केली.

भाजणारी मी होते. त्या कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं.