शेवटच्या अंकातला कापूस

आमच्या डोणगावच्या घरातल्या मधल्या खोलीवरून बापलेकाची जेवढी भांडणं झाली, तेवढी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरूनही कुणाची झाली नसतील. बाप म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची, आणि लेक म्हणजे माझा नवरा. खोली कोरडी, उंदरांसकट सगळ्यांना आवडणारी. मामाजींना ती कापूस भरायला पाहिजे होती आणि नवऱ्याला मासिकं ठेवायला. मला शिलाई मशीन ठेवायला पाहिजे होती, पण मला विचारतो कोण!

मासिकं कसली, तर आवाजाची. ॲम्प्लिफायर घरी कसा बनवायचा, स्पीकरची पेटी किती खोल ठेवायची, टेपची पट्टी कशाने पुसायची, असलं सगळं. लग्न झालं त्या महिन्यात नवऱ्याने लाजत लाजत एक मासिक माझ्या हातात दिलं. मला वाटलं, सिनेमाचं असेल. उघडून पाहते तर आत नुसत्या तारा! मासिक इंग्रजी, आणि मी बुलढाण्याच्या कॉलेजात शिकलेली, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आकृत्या त्याला समजायच्या, मजकूर मला समजायचा, आणि दोघांनी मिळून जे समजायचं त्यातून पहिल्या वर्षी आमच्या घरचा फ्यूज कितीदा उडाला ते विचारू नका.

तेव्हा बीटी कपाशीचं बियाणं नवीन नवीन आलं होतं. मामाजी त्या बियाण्याचे रिकामे डबे फेकू देत नसत, कारण त्यांच्यावर डोक्याएवढ्या बोंडांचे फोटो असायचे. नवरा त्याच डब्यांत त्याचे ट्रान्झिस्टर ठेवायचा. डब्यासोबत साध्या कपाशीची एक लहान पुडी यायची, अळी तिकडेच गुंतावी म्हणून शेताच्या कडेने पेरायला. ती गावात कुणीच पेरत नसे. त्या पुड्यांमध्ये आमच्याकडे स्क्रू असायचे.

मासिक घ्यायला नवरा महिन्यातून एकदा एसटीने मेहकरला जायचा. स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडे सुरुवातीला अशी चार-पाच मासिकं दोरीला चिमट्याने लावलेली असायची. एक गाण्यांच्या कॅसेटींचं होतं, एक रेडिओवाल्यांचं, एक नुसतं स्पीकरचं. मग एकेक चिमटा रिकामा होत गेला. त्यांच्या जागी मोबाईलची रिचार्ज कार्डं आणि तलाठी भरतीची पुस्तकं लटकायला लागली. शेवटी एकच मासिक उरलं, तेही इतकं बारीक की नवरा ते गुंडाळून शर्टाच्या खिशात घालून आणायचा. पुस्तकवाला म्हणायचा, "भाऊ, हे मी फक्त तुमच्यासाठी मागवतो. तुम्ही ज्या दिवशी आजारी पडाल, त्या दिवशी हे बंद."

नवरा काही आजारी पडला नाही. मासिकच पडलं. एका अंकात पहिल्याच पानावर चौकट होती. मी ती वाचली आणि परत एकदा मनात वाचली. सांगावं की नाही? मग सांगून टाकलं, की आता तीनच अंक निघणार, मग बंद. आणि शेवटच्या अंकात वाचकांनी स्वतः बनवलेल्या पेट्यांचे फोटो छापणार आहेत. नवरा चहा थंड करून प्यायला. या माणसाला गरम चहा लागतो, म्हणून मी समजून गेले.

मामाजींना मात्र हे कळलं तसा जोर चढला. दसरा झाला होता, वेचणी तोंडावर होती. अंगणात उभं राहून त्यांनी लेकाला ऐकवलं, "बंद होऊन राह्यलं ना? बरं झालं! ते सारी रद्दी काढ अन् खोली मोकळी कर. कापूस का माह्या डोक्यावर ठेवू?"

"बाबा, रद्दी नोका म्हणू."

"काऊन नोको म्हणू? इतके वर्षं झाले, तुहं नाव आलं का त्याच्यात एकदा तरी? त्याच्यात तुहं काही छापून आलं तर खोली तुही, मी पाय नाही ठेवत. नाही तर रद्दीवाला चाचा अन् तू पाहून घ्या."

बापाने लेकाला दिलेला हा शब्द सगळ्या गल्लीने ऐकला. आता काय, मागे कुणी सरकणार नव्हतं.

तशी नवऱ्याची एक पेटी तयार होती. म्हणजे तयार होतच होती, आमचं लग्न झाल्यापासून. प्लायवूडची, गुडघ्याएवढी उंच, समोर मोठा स्पीकर आणि त्याखाली हवा यायला-जायला भोक. त्या भोकात विहिरीच्या मोटारीच्या पाइपाचा उरलेला तुकडा बसवला होता. मामाजी तिला भोंगा म्हणायचे. एवढंच बाकी होतं, की आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून पेटीत काहीतरी मऊ भरायचं होतं. मासिकात लोकर सांगितली होती. मी वाचून दाखवलं तर नवरा हसला. "लोकर? अवं, वऱ्हाडात राहून लोकर कायले शोधू?"

आणि वेचणी सुरू झाल्यावर मामाजींनी खोलीच्या एका बाजूला टाकलेल्या ढिगातून त्याने हवा तेवढा कापूस उचलून पेटीत कोंबला. जिनिंगमधून सरकी, म्हणजे बी, काढलेली रुई आणावी, एवढंही त्याच्या डोक्यात आलं नाही. वेचून आणलेला, सरकीसकट, पांढराशुभ्र! पुण्या-मुंबईच्या कुठल्या माणसाला हे सुचलं असतं सांगा. त्याला कापूस म्हटलं की औषधाच्या दुकानातली गुंडाळी आठवणार. आमच्याकडे कापूस म्हणजे सरकीसकटच, त्यात विचार करण्यासारखं काही वाटतच नाही. मलाही नाही वाटलं.

पेटी छान वाजली. खरंच छान वाजली, मी बायको आहे म्हणून सांगत नाही. पण दिवाळीनंतर तिच्यात एक खुडखुड सुरू झाली. गाणं थांबलं की खुडखुड, बासरी लागली की खुडखुड. नवऱ्याने वायरी बदलल्या. कपॅसिटर बदलले. शेजाऱ्यांच्या फ्रिजवर संशय घेतला. लोडशेडिंगच्या वेळी सगळं बंद असताना पेटीला कान लावून बसला, तर तेव्हाही खुडखुड! "लाइन नसताना वाजून राह्यली वं हे," असं भूत पाहिल्यासारख्या तोंडाने म्हणाला. मी म्हटलं, आता हिला पुरस्कारच द्या, विजेशिवाय चालते.

मी चेष्टा करत होते, पण मला त्याची दया येत होती. खुडखुडणारी पेटी मासिकाला पाठवायची नाही, असं त्याचं एकच टुमणं. तोवर इकडे शेतात दुसऱ्या वेच्याला बोंडं फोडावीत तर आत गुलाबी अळी. बीटीला अळी लागत नाही म्हणून डब्यावर छापलं होतं ना? त्या अळीला कुणी ते वाचून दाखवलं नव्हतं. मामाजी किडकं बोंड हातात घेऊन धुऱ्यावर बसून राहायचे. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेवटी मीच चिडले. "अहो, फोटोत खुडखुड ऐकू येते का? उचला ती पेटी!"

दोघांनी पेटी अंगणात आणली, उन्हात ठेवली, मी मोबाईलवर फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या. आत काय भरलं आहे तेही लिहिलं, आपल्या शेतातला कापूस म्हणून.

संक्रांतीच्या सुमारास शेवटचा अंक निघाला. मेहकरहून नवरा आला तो थेट स्वयंपाकघरात. खिशातून अंक काढला, पण उघडेना. "तू पाह्य," म्हणाला. अंक माझ्या हातात देऊन तो पाठ फिरवून उभा राहिला, आणि मी इतकी वर्षं या माणसावर केलेले सगळे विनोद मला एकदम नकोसे झाले.

मी पानं उलटली. वाचकांच्या पेट्या. मोठ्या शहरातल्या, चकचकीत, सागवानी. आणि कोपऱ्यात आमचं अंगण! आमची पेटी, मागे वाळत घातलेली माझी साडी, सगळं. "आली! अहो, आली!" मी ओरडले. मग नीट पाहिलं. पाइपाच्या भोकातून एक उंदीर बाहेर डोकावत होता. कान, मिशा, सगळं स्पष्ट. आणि संपादकाने फोटोखाली लिहिलं होतं, की बाकी पेट्यांना श्रोते बाहेर असतात, या एकाच पेटीला आतही एक आहे.

नवरा पेचकस शोधायला धावला. खुडखुडीचा शोध असा लागला. पेटी उघडली तर आत उंदराचा संसार, सरकीची टरफलं, आणि स्पीकरच्या कागदाला मागून कुरतडलेली नक्षी. नवऱ्याला रडावं की हसावं कळेना. मला कळलं, मी पोट धरून हसले.

"बाबाले नोको दाखवू," नवरा म्हणाला. पण आमच्या घरात असं काही लपतं का? मामाजी दारात उभेच होते. त्यांनी अंक हातात घेतला, चष्मा चढवला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. उंदराकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी भोकाच्या कडेला लोंबणाऱ्या कापसाच्या पुंजक्यावर बोट ठेवलं.

"हा पह्यल्या वेच्याचा हाये."

नवरा पेटीसमोर आडवा उभा राहिला.

"चोट्टा! औंदा धड कापूस निघाला तो एवढाच, अन् तो तू भोंग्यात घातला?" नवऱ्याने मान खाली घातली. मला वाटलं, आता अंक भिरकावणार. पण मामाजी पाहतच राहिले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, हे पुस्तक कुठंकुठं जाते?"

"सगळीकडे, मामाजी. देशभर."

"अन् कापूस आपला हाये, हे लेहेलं हाये का त्याच्यात?"

मी वाचून दाखवलं. लिहिलं होतं. संपादकाने माझी ओळ तशीच ठेवली होती.

त्या संध्याकाळी मामाजी अंक घेऊन पाराजवळ गेले. ज्या वर्षी गावात कुणी कापसाचं नाव काढत नव्हतं, त्या वर्षी ते माणसामाणसाला पान उघडून दाखवत होते. "पाहा, आपल्या वावरातला. सरकी दिसून राह्यली ना?" लोक उंदराला हसत होते, बऱ्याच दिवसांनी हसत होते. मामाजींना त्याचं काही नव्हतं. अंक परत आला तेव्हा त्याच्यावर चहाचे डाग होते आणि तंबाखूचा वास. नवऱ्याने तो तसाच गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवला.

दुसऱ्या महिन्यात मामाजींनीच विचारलं, "या महिन्याचं पुस्तक नाही आणलं बे?"

"बंद झालं ना, बाबा."

"हाव, खरंच." त्यांनी गठ्ठ्यावरचा अंक उचलला. "मंग आपला कापूस त्याच्यात शेवटचाच म्हणा."

फाल्गुनात रद्दीवाले चाचा हातगाडी घेऊन दारात आले. मामाजींनीच दसऱ्याला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ते हक्काने आले होते. काटा लावला, खोलीत डोकावले. एका बाजूला न विकलेला कापूस, जो खोली जिंकूनही नवऱ्याने हलवू दिला नव्हता, दुसऱ्या बाजूला मासिकं. चाचांनी एक अंक उचलला, वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "द्यायचे ना काका? पूरा माल?"

नवरा माझ्याकडे पाहायला लागला. मामाजी ओट्यावरून उठले, खोलीत गेले, चाचांच्या हातातला अंक घेऊन गठ्ठ्यावर परत ठेवला. मग कापसाच्या ढिगाकडे पाहून ते व्यापाऱ्यांना वर्षानुवर्षं जे म्हणत आले होते, तेच म्हणाले.

"भाव आल्याबिगर आपण माल इकत नाही."