शालिनीताईंचा उलटतपास

कोलकात्यात, बेहाला भागात आमच्या समोरच्या दारात शालिनीताई राहायच्या. त्यांच्याकडे कोणाच्या हातून कप फुटला, तर "अरेरे" नाही की "काय हे" नाही. थेट विचारायच्या, "मुद्दाम फोडलास? नाही ना? मग गुन्हा नाही. केरसुणी दारामागे आहे." फौजदारी वकील ना! नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीपायी इकडे आल्या. नवरा निवृत्त झाला, पण बाई काही कोर्ट सोडेनात.

आता मला सांगा, जळू नको तर काय करू? मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं आपलं आपण वाचून. माझं बंगाली भाजीवाल्यापलीकडे जात नाही. आणि ही बाई स्वतः शाकाहारी, पण मासेवालासुद्धा त्यांच्याशी गप्पा मारायला थांबायचा. आमचे हे माझं बोलणं पेपरआडून ऐकायचे. त्या आल्या की पेपर खाली.

एका वर्षी गौरींची बोळवण होती. अक्षता टाकल्या, गौरी जागच्या हलवल्या, मुखवटे पेटीशेजारी ठेवले आणि जरा आडवी झाले. आपल्याकडे मुखवटे पुसून पुढच्या वर्षासाठी ठेवतात. सासूबाईंचे पितळी मुखवटे ते! उठून बघते तर मुखवटे नाहीत आणि आमची कामवाली मिनोतीही नाही.

"चोरी! पोलिसांत कळवतो," म्हणून ह्यांनी फोन उचलला. आवाज ऐकून शालिनीताई आल्या. तेवढ्यात मिनोतीही आली, साडीचा काठ ओला, चेहरा अगदी प्रसन्न. मला ती माशिमा म्हणायची, म्हणजे मावशी. "माशिमा, माँ को मिठाई खिलाके गंगा में दे आई. आपका घुटना दुखता है ना!"

तिच्याकडे पूजा संपली की देवी पाण्यात जाते, घरात कोण ठेवतं?

हे ओरडले, "पिढीजात वस्तू गेली! चोरी ती चोरीच!"

"भाऊसाहेब, नुसती वस्तू गेली म्हणून चोरी होत नाही," ताई म्हणाल्या. "लबाडीनं घ्यायचं मनात असावं लागतं. चोर काय देवीला मिठाई भरवतो? आणि करून आल्यावर मालकिणीला कौतुकानं सांगतो?"

ह्यांचा फोन खाली. मग ताई माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तिचा गुन्हा नाही म्हणून तुमचं नुकसान झालं नाही, असं मी म्हणत नाही हं. रडायचं तर रडा."

मिनोती चोर नाही, हे मीच म्हणणार होते हो! पण मी तोंड उघडेपर्यंत बाईंनी खटला जिंकलासुद्धा. आणि मिनोतीनं पाय कोणाचे धरले? त्यांचे! मुखवटे गेले माझे आणि पाय त्यांचे. त्या दिवसापासून मिनोतीच्या हातचा आलं घातलेला पहिला चहासुद्धा समोरच्या दारात जायला लागला.

गेल्या थंडीत शालिनीताई अचानक गेल्या. स्मशानातून परतताना ऑटोत मिनोतीचं रडणं थांबेना. मलाही भरून आलेलं, पण किती रडावं माणसानं! राहवलं नाही, विचारलंच, "माझ्यामागं एवढी रडशील का गं?"

तिनं पदरानं नाक पुसलं. "आगे मोरुन तो माशिमा, तार पोरे देखबो."

म्हणजे, आधी मरा तर खरं, मग बघू!

शालिनीताईंशी असं बोलायची तिची कधी छाती झाली नसती.